पुटअप झालेली फाईल आणि ‘पुट अप विथ’चा घोळ

तहसील कार्यालयात नाहीतर पंचायत समितीत थोडा वेळ बसलं की ‘फाईल पुटअप केली का?’ हे वाक्य कानावर पडतंच. शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसालाही ते कळतं. कागद खालच्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर गेला की नाही, एवढाच तो प्रश्न. पण हेच दोन शब्द भरतीच्या पेपरात ‘शी कॅनॉट पुट अप विथ द नॉइज’ असे आले, की बार्शीटाकळीच्या अभ्यासिकेतला हुशार पोरगाही थबकतो. तिला हा गोंगाट सहन होत नाही, असा त्याचा अर्थ. इथे फाईल नाही, टेबल नाही आणि कुणी काही वर ठेवतही नाही. पुढे ‘वी पुट अप अ टेंट’ आलं की तंबू ठोकला. अकोल्याला शिकायला गेलेल्या पोराबद्दल कुणी ‘ही पुट अप विथ हिज अंकल’ असं लिहिलं, तर तो काकांकडे उतरला असाही अर्थ निघतो आणि त्याने काकांना सहन केलं असाही. (दोन्ही एकदमच खरं असू शकतं, तो भाग वेगळा.)

असल्या क्रियापदांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. पुट, टेक, गेट, लुक, टर्न, ब्रेक, ब्रिंग, सेट, रन, कॉल अशी रोजची साधी क्रियापदं असतात आणि त्यांच्या मागे अप, डाउन, ऑफ, आउट, ऑन, ओव्हर असा एक छोटा शब्द लागतो. क्रियापद ओळखीचं, मागचा शब्दही ओळखीचा, पण दोघं एकत्र आले की अर्थ तिसराच. 2023 च्या तलाठी भरतीत 200 पैकी 50 गुण इंग्रजीचे होते. अशा पेपरांत म्हणी, वाक्प्रचार आणि फ्रेझल व्हर्ब यांवरचे प्रश्न नेहमीचेच. म्हणून बाजारात ‘हजार फ्रेझल व्हर्ब्ज’ छापाची पुस्तकं खपतात आणि पोरं ती यादी पाठ करतात. ‘पुट’ची बारा रूपं, ‘गेट’ची वीस. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी येतात आणि सकाळी ‘पुट ऑफ’ कुठलं, ‘पुट आउट’ कुठलं याची सरमिसळ होते. यादीत चूक काही नाही. फक्त ती क्रियापदानुसार लावलेली असते आणि अर्थाची किल्ली बहुतेक वेळा क्रियापदात नसून मागच्या छोट्या शब्दात असते. किल्ली तिथे आहे हे मराठी माणसाला पटकन पटायला हवं, कारण आपण दिवसभर तेच करतो.

‘कर’ या एका क्रियापदाकडे बघा. ‘करून टाक’ म्हणजे एकदाचं हातावेगळं कर. ‘करून दे’ म्हणजे माझ्यासाठी कर, ‘करून घे’ म्हणजे तुझ्या फायद्याचं आहे ते उरक. ‘करून ठेव’ म्हणजे आधीच कर, पुढे लागेल. ‘करून पाहा’ म्हणजे जमतं का ते बघ. आणि ‘करून बसला’ म्हणजे नको ते केलं, आता निस्तरा. काम एकच, पण मागच्या शब्दाने त्याचा रंग बदलला. ‘टाक’ म्हणताना आपण काही फेकत नाही, ‘बसला’ म्हणताना कुणी खाली बसत नाही. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. आपल्या गावात उर्दू माध्यमातली पोरं शेजारच्याच बाकावर असतात. त्यांच्या बोलण्यात ‘कर डालो’, ‘खा लो’, ‘दे दो’ हेच काम करतात. इंग्रजीत हा शब्द ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असा असतो, फरक एवढाच.

जोड्या लावून बघा, किती सरळ बसतात. फाडून टाक म्हणजे ‘टेअर इट अप’. फेकून दे म्हणजे ‘थ्रो इट अवे’. लिहून ठेव म्हणजे ‘राइट इट डाउन’. वापरून पाहा म्हणजे ‘ट्राय इट आउट’. माझ्या आवडीची जोडी ‘बसला’ची आहे. ‘तो शेत विकून बसला’ हे इंग्रजीत सांगताना बहुतेक जण ‘ही सोल्ड हिज फील्ड’ म्हणून मोकळे होतात आणि त्यातली हळहळ सांडून जाते. ‘ही एंडेड अप सेलिंग हिज फील्ड’ म्हटलं की ती जागच्या जागी राहते. असं करायचं मनात नव्हतं, पण शेवटी तिथे येऊन पोचला, हे ‘एंड अप’ सांगतं.

काही जोड्या अर्थाच्या बाबतीत अगदीच बंद असतात, हे मान्य. ‘गिव्ह अप’मध्ये देणं कुठे आणि वर कुठे? पण मराठीतही ‘तुला बघून घेतो’ म्हणणारा माणूस काही बघतही नसतो आणि घेतही नसतो. मराठी शिकणाऱ्या परक्याला ही धमकी आहे हे कोणत्या कोशावरून कळावं? असे प्रयोग दोन्ही भाषांत थोडे असतात आणि ते तसेच लक्षात ठेवावे लागतात. बाकीच्या मोठ्या ढिगाला मात्र शिस्त आहे.

वऱ्हाडी बोलणाऱ्यांनी एका ठिकाणी जपावं. ‘काय करून राह्यला?’ हा आपला रोजचा प्रश्न. यातला ‘राह्यला’ फक्त काम चालू आहे एवढंच सांगतो, म्हणून त्याचं इंग्रजी ‘व्हॉट आर यू डूइंग?’ एवढंच. ते ‘कीप ऑन’ नव्हे. ‘कीप ऑन’मध्ये सांगूनही न थांबण्याचा सूर असतो, आपल्या ‘करतच राह्यते’सारखा. ‘ही कीप्स ऑन कॉलिंग मी’ म्हणजे तो फोन करून राहिला असं नव्हे, तर तो एकसारखा फोन करून जीव खातो.

आता त्या मागच्या शब्दांकडे वळू. ‘अप’ सगळ्यात कामाचा, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. त्याचे तीन धागे धरले तर पुष्कळसा गुंता सुटतो. पहिला धागा वरच्या दिशेचा : गेट अप, स्टँड अप, पिक अप. यात अडचण काहीच नाही. दुसरा वाढीचा : स्पीड अप म्हणजे वेग वाढवणं, स्पीक अप म्हणजे आवाज वाढवून बोलणं, ग्रो अप म्हणजे मोठं होणं. सोयाबीनचे भाव चढले तर ‘प्राइसेस वेंट अप’. तिसरा धागा पुरतं होण्याचा, म्हणजे आपल्या ‘टाकणे’चा, आणि पोरं अडतात ती इथेच. ‘द वेल ड्राइड’ म्हटलं तर विहीर आटली. ‘द वेल ड्राइड अप’ म्हटलं की पार आटली, तळ दिसला. ‘ईट’ म्हणजे खा आणि ‘ईट अप’ म्हणजे ताटात काही ठेवू नको. यूज अप, बर्न अप, टेअर अप, फिनिश अप ही सगळी याच पंगतीतली. नवी जोडी दिसली की आधी हा तिसरा अर्थ लावून बघा, कारण पहिले दोन तुमच्या आपोआप लक्षात येतात.

‘अप’चीच एक चूक गावोगावच्या सेवा केंद्रांत रोज ऐकू येते : फॉर्म फिलअप करणे. मराठी वाक्यात ते चालूनच गेलं आहे, त्याला माझी हरकत नाही. परीक्षेच्या इंग्रजीत मात्र फॉर्म ‘फिल इन’ करतात किंवा ‘फिल आउट’ करतात. ‘फिल अप’ करतात ती टाकी. काठोकाठ, म्हणजे पुन्हा तोच तिसरा धागा.

‘ऑफ’ म्हणजे सुटं होणं, तुटणं, निघणं. अंगावरचा सदरा काढला तर ‘टेक ऑफ’ आणि विमानाने जमीन सोडली तरी ‘टेक ऑफ’. सकाळी घरून निघालो तर ‘सेट ऑफ’. पूर्णेकडून येणाऱ्या गाडीने बार्शीटाकळी स्टेशनवर उतरलो तर ‘गेट ऑफ’ आणि चढलो तर ‘गेट ऑन’. कार किंवा ऑटो असेल तर मात्र ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन-ऑफ, जिथे वाकून शिरावं लागतं त्याला इन-आउट, एवढं ध्यानात ठेवलं तर सहसा चुकत नाही. मोटरसायकलला ऑन-ऑफच, तिच्यात कुणी शिरत नाही.

‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांतला फरक भरतीच्या उमेदवाराला जिवाभावाचा वाटावा. परीक्षा ‘पुट ऑफ’ झाली तर पुढे ढकलली, अभ्यासाला दिवस मिळाले. ‘कॉल ऑफ’ झाली तर रद्दच झाली. आणखी एक जोडी आपल्या भागात समजून घेण्यासारखी आहे. कर्ज ‘पे ऑफ’ केलं म्हणजे फेडून मोकळे झालो. बँकेने ते ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे आपल्या हिशोबाच्या वहीतून वसूल होणाऱ्या रकमांच्या यादीबाहेर काढलं. पण म्हणून कर्ज माफ झालं असं होत नाही. वसुलीचा हक्क बँकेकडे राहतो, नोटीस येऊ शकते. कर्जमाफीला इंग्रजीत ‘वेव्ह’ हे क्रियापद आहे. बातमीत ‘राइट ऑफ’ वाचून माफी झाली असं समजणारे पुष्कळ आहेत.

‘गो ऑफ’चा सापळा वेगळाच. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे गेला, विझला. गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे मात्र वाजला. बंद झाला असं समजून उत्तर लिहिणारे दरवर्षी सापडतात. बंदुकीचा बार उडाला तरी ‘गो ऑफ’च. आत दाबून ठेवलेलं एकदम सुटलं, हा त्यातला धागा. गजरही तसाच सुटतो.

‘आउट’मध्ये बाहेर येणं आहे, आणि बाहेर येण्याच्याही दोन तऱ्हा. लपलेलं उजेडात आलं : फाइंड आउट म्हणजे शोधून काढणं, वर्क आउट म्हणजे गणित सोडवून उत्तर काढणं, टर्न आउट म्हणजे शेवटी तसं निघणं. ‘बियाणं बोगस निघालं’ याला ‘द सीड टर्न्ड आउट टु बी फेक’. मराठीतही आपण ‘काढलं’ आणि ‘निघालं’च म्हणतो. दुसरी तऱ्हा संपण्याची : डिझेल संपलं तर ‘वी रॅन आउट ऑफ डिझेल’, आग विझवली तर ‘पुट आउट’. ‘अप’नेही संपतं आणि ‘आउट’नेही संपतं, मग फरक काय? ‘यूज अप’मध्ये वापरून संपवणारा माणूस दिसतो, ‘रन आउट’मध्ये संपल्यावर अडलेला.

बाकीचे भराभर. ‘डाउन’ म्हणजे कमी होणं किंवा थांबणं : स्लो डाउन, शट डाउन, पंप बंद पडला तर ‘ब्रेक डाउन’. कागदावर उतरवलं तर राइट डाउन, नोट डाउन. ‘टर्न डाउन’ म्हणजे आवाज कमी करणं आणि अर्ज किंवा मागणी नाकारणंही. ‘ऑन’ म्हणजे चालू ठेवणं, कॅरी ऑन, आणि अंगावर चढवणं, पुट ऑन. ‘ओव्हर’ म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात, हँड ओव्हर आणि टेक ओव्हर, नाहीतर पुन्हा एकदा नजर फिरवणं, गो ओव्हर.

‘लुक’चं घराणं मात्र क्रियापद धरूनच शिकावं, तिथे माझा नियम लंगडा पडतो. लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक इंटू म्हणजे चौकशी करणं (सरकारी उत्तरांचं हे लाडकं क्रियापद), लुक अप म्हणजे कोशात शब्द बघणं, लुक अप टू म्हणजे एखाद्याबद्दल आदर वाटणं आणि लुक डाउन ऑन म्हणजे त्याला तुच्छ लेखणं. शेवटच्या दोघांत वर बघणं आणि खाली बघणं आहेच, त्यामुळे तेवढे तरी आपोआप येतात.

यादी पाठ करण्याआधी आपल्या तोंडी किती भांडवल आहे ते मोजा. एसटीचा ब्रेकडाउन, कॉलेजचा कटऑफ, दवाखान्यातलं चेकअप, मोबाइलचा बॅकअप, माल आणायचा पिकअप, कामाचा फॉलोअप, शाळेतले ड्रॉपआउट, विधानसभेतला वॉकआउट, 2020 चं लॉकडाउन. आणि गावाच्या कडेला शेतात पडणारा लेआउट तर आहेच. ही सगळी फ्रेझल व्हर्बपासून झालेली नामं आहेत. नाम माहीत आहे तर क्रियापद मागे उभंच आहे. कटऑफ म्हणजे जिथे यादी कापली, म्हणून ‘कट ऑफ’ म्हणजे कापून वेगळं करणं. पुरात गावाचा संपर्क तुटला तर ‘द व्हिलेज वॉज कट ऑफ’. पिकअपवरून ‘पिक अप’ : माल उचलणं, एखाद्याला स्टेशनवर घ्यायला जाणं, आणि शिकवणीशिवाय भाषा उचलणंही. लिहिताना नाम बहुतेक एकत्र लिहितात, क्रियापद नेहमी दोन शब्दांत. बोलताना नामात जोर पहिल्या भागावर येतो, क्रियापदात बहुधा दुसऱ्यावर. ‘मेकअप’ म्हणताना ‘मेक’ ठासून, ‘मेक अप’ म्हणताना ‘अप’. तोंडी परीक्षेत एवढ्यानेही फरक पडतो.

सगळी नामं इतकी इमानदार नसतात, एवढं फक्त बघा. टर्नओव्हर म्हणजे उलाढाल, पण ‘टर्न ओव्हर’ हा बहुतेक वेळा पान उलटण्याचा आणि कुशीवर वळण्याचा शब्द आहे.

यानंतर जागेचा प्रश्न. मीटिंग पुढे ढकलली हे ‘पुट ऑफ द मीटिंग’ असंही म्हणता येतं आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ असंही. पण मीटिंगच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसलं पाहिजे : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूक. ‘राइट डाउन इट’ चूक, ‘राइट इट डाउन’ बरोबर. इट, हिम, हर, देम हे शब्द असे मध्ये जातात. पण ‘लुक आफ्टर’ला हे चालत नाही. ‘लुक आफ्टर हिम’च म्हणावं लागतं, ‘लुक हिम आफ्टर’ कुणी म्हणत नाही. तीन शब्दांच्या जोडीतही, म्हणजे ‘पुट अप विथ’सारख्या ठिकाणी, सहसा काही मध्ये घुसत नाही.

कुठलं तुटतं आणि कुठलं तुटत नाही हे पाठ करायची गरज नाही, ते कोशात दिलेलं असतं. ए. एस. हॉर्नबी यांनी परक्या विद्यार्थ्यांसाठी रचलेला इंग्रजी कोश पहिल्यांदा 1942 साली जपानमध्ये निघाला, तोच पुढे ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश झाला. आज तो फोनवर फुकट बघता येतो. त्यात क्रियापदाच्या नोंदीच्या अगदी शेवटी फ्रेझल व्हर्बचा वेगळा गट असतो आणि तुटणाऱ्या जोडीच्या मध्ये दोन तोंडांचा बाण छापलेला असतो. बाण दिसला की ‘इट’ मध्ये घाला. नवनीत किंवा वीरकर यांचा इंग्रजी-मराठी कोश घरात असेल तर जरूर वापरा, पण तो मराठी अर्थासाठी. वापर बघायला हा इंग्रजी-इंग्रजी कोश लागतोच, आणि त्यातली वाक्यं सोपी असतात, घाबरायचं कारण नाही.

पेपरातला प्रश्न कसा सोडवावा ते एका उदाहरणात सांगतो. मृग कोरडा गेला आणि वाक्य आलं : ‘द फार्मर्स हॅड टु डॅश द सोइंग.’ पर्याय पुट ऑन, पुट आउट, पुट ऑफ, पुट अप विथ. आधी पर्याय वाचूच नका. वाक्य वाचा आणि मनात मराठी क्रियापद येऊ द्या : पेरणी पुढे ढकलावी लागली. ढकलणं म्हणजे दूर सारणं, दूर सारणारा शब्द ऑफ. बस. पर्याय आधी वाचले की चारही ओळखीचे वाटतात आणि घोळ सुरू होतो. दुसरं, काळ बदलतो तो क्रियापदाचा, मागचा शब्द जसाचा तसा : ब्रेक डाउन, ब्रोक डाउन, ब्रोकन डाउन. तिसरं, या जोडीच्या मागे दुसरं क्रियापद आलं तर ते बहुधा ‘इंग’ लावून येतं : ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’. पत्राच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टु मीट यू’ लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तिथे ‘मीटिंग यू’ हवं.

पत्राचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं, की फ्रेझल व्हर्ब सगळीकडे शोभत नाहीत. ही जुनी, घरगुती इंग्रजी आहे. 1066 नंतर नॉर्मन लोक इंग्लंडात आले, फ्रेंच आणि लॅटिन शब्द दरबारात आणि कोर्टात शिरले आणि एकेका कामाला दोन-दोन शब्द झाले. पुट ऑफ आणि पोस्टपोन, पुट अप विथ आणि टॉलरेट, फाइंड आउट आणि डिस्कव्हर. आपल्याकडे ‘पुढे ढकलणे’ आणि ‘स्थगित करणे’ यांत जे अंतर आहे नेमकं तेच. आपण घरी लग्न स्थगित करत नाही, पुढे ढकलतो, आणि शासन निर्णयात परीक्षा पुढे ढकलत नाही, स्थगित करतो. म्हणून अर्जात ‘काइंडली पोस्टपोन’ लिहा, मित्राला ‘पुट इट ऑफ’ म्हणा. आपल्याकडे गंमत उलटी होते. शाळेत लॅटिन वळणाचे जड शब्द आधी शिकवले जातात, म्हणून आपली पोरं ‘टॉलरेट’ अचूक लिहितात आणि इंग्रजी सिनेमातलं साधं बोलणं त्यांना कळत नाही. यात त्यांचा दोष नाही. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच, क्रियापदाला असा छोटा शब्द जोडण्याची ही तऱ्हा परक्यांना सगळ्यात अवघड जाते, असं नोंदवून ठेवलं आहे.

आपल्या देशात तयार झालेले काही प्रयोगही माहीत असू द्या. ‘2019 पासआउट’ हे आपल्याकडच्या जाहिरातींत सर्रास असतं. लष्करी अकादमीतून कॅडेट शिक्षण संपवून बाहेर पडतात त्याला ‘पास आउट’ म्हणतात, पण कॉलेजच्या बाबतीत इंग्रज किंवा अमेरिकन माणूस त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं असा घेईल. परदेशी कंपनीला अर्ज करताना ‘ग्रॅज्युएटेड इन 2019’ लिहावं. ‘कोप अप विथ’ चूक, ‘कोप विथ’ बरोबर. ‘कॅच अप विथ’च्या संगतीने तो ‘अप’ तिथे शिरला असावा. ‘ऑफ द लाइट’ चूक, ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’. सुरुवातीला आलेला ‘फाईल पुटअप’ हा मात्र भारतीय कचेरीचा अस्सल प्रयोग आहे. तो आपल्या दप्तरात खुशाल वापरावा, बाहेरच्या माणसाला पाठवायच्या पत्रात ‘सबमिट’ म्हणावं.

सरावासाठी क्लास लावायलाच हवा असं नाही. डायरी लिहा, इंग्रजीत, रोज चार-पाच ओळी. हा सल्ला वऱ्हाडात नवा नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे नामांकित वकील, टिळकांचे सहकारी, टिळकांच्याच खटल्याच्या अपिलासाठी 1908 साली विलायतेला गेलेले. 1911-12 च्या हिवाळ्यात ते शिर्डीत राहिले, त्या मुक्कामाची त्यांची डायरी इंग्रजीत आहे आणि छापून उपलब्ध आहे. कोर्टात भारदस्त इंग्रजी बोलणाऱ्या या माणसाच्या बऱ्याच नोंदी सकाळी उठण्यापासून सुरू होतात आणि त्यासाठी तो वापरतो ‘गेट अप’चंच रूप. दिवसाचा साधा हिशोब लिहायला हीच क्रियापदं लागतात, म्हणून डायरीइतका चांगला सराव दुसरा नाही. पाचला उठलो, सहाला निघालो, मूर्तिजापूर फाट्यावर गाडी बंद पडली, दोन तास गेले, काका घ्यायला आले : गॉट अप, सेट ऑफ, ब्रोक डाउन, पिक्ड मी अप. एका प्रवासात चार झाली. फोनची भाषा इंग्रजी करून ठेवली तर साइन अप, लॉग इन, टर्न ऑफ, बॅक अप ही फुकटात डोळ्यांखालून जातात.

मुलाखतीत गावाबद्दल बोलायला सांगतात, तेव्हा बहुतेक जण ‘माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल’वर थांबतात. बार्शीटाकळीच्या पोराला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ‘आय ग्रू अप इन बार्शीटाकळी’ने सुरुवात करा. आईवडिलांनी वाढवलं हे ‘माय पेरेंट्स ब्रॉट मी अप’, म्हणजे ग्रो अप आपण होतो आणि ब्रिंग अप दुसरं कुणी करतं, यात गफलत नको. मग कालंका देवीच्या हेमाडपंती देवळाचं सांगा. तिथल्या शिलालेखावर शके 1098 म्हणजे इसवी सन 1176 च्या सुमाराचा काळ आहे. ‘द टेम्पल डेट्स बॅक टु द ट्वेल्फ्थ सेंच्युरी.’ हे क्रियापद नेहमी वर्तमानकाळात ठेवा, देऊळ अजून उभं आहे. त्याच्या आधी ‘इज’ घालू नका आणि ‘डेट्स बॅक’नंतर ‘फ्रॉम’ लावू नका. ‘फ्रॉम’च वापरायचं असेल तर ‘बॅक’ काढा आणि नुसतं ‘डेट्स फ्रॉम’ म्हणा.